संप्रेरकांचे कार्य आणि आपली औषधपेटी

वाशीम जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींच्या ध्यानात अलीकडे एक बदल निश्चितच आला असेल. पूर्वी रुग्ण लक्षणे घेऊन येत असे. आता तो कागद घेऊन येतो. टी.एस.एच. वाढले आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर अमुक आहे, प्रोलॅक्टिन जास्त आहे, असे अहवाल टेबलावर ठेवून तो विचारतो, "आयुर्वेदात यावर औषध आहे ना? मग ही गोळी बंद करू का?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाचे हित आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अवलंबून असते.

संप्रेरकांचे शरीरक्रिया-विज्ञान आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेले आहे. तथापि परीक्षेपुरते वाचलेले आणि रुग्णासमोर बसून आठवावे लागणारे ज्ञान यांत अंतर असते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्याची उजळणी करून, आपल्या नित्य वापरातील औषधांशी व औषधविक्रीशी तिचा संबंध कोठे येतो, याचा विचार करणार आहोत.

संप्रेरक म्हणजे काय?

१९०२ साली लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या अंतस्त्वचेतून निघणारा 'सिक्रीटिन' हा स्राव शोधला. मज्जातंतूंचा संबंध तोडल्यावरही हा स्राव रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जातो व त्याला पाचक रस सोडावयास लावतो, असे त्यांनी दाखविले. पुढे १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. 'चालना देणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आलेला आहे; आपला 'संप्रेरक' हा प्रतिशब्दही नेमका तोच अर्थ सांगतो.

अधश्चेतक, पियूषिका, अवटू, परावटू, अधिवृक्क, स्वादुपिंडातील द्वीपके, तसेच बीजग्रंथी व वृषणग्रंथी ही या संस्थेची प्रमुख केंद्रे होत. त्यांचे स्राव नलिकेतून न जाता थेट रक्तात मिसळतात. रक्त तर सर्वांगात फिरते. मग संप्रेरक नेमके आपल्याच ठिकाणी कार्य कसे करते? ज्या पेशींवर त्या संप्रेरकाचा ग्राहक असतो, त्याच पेशी त्याचा निरोप ऐकतात. टपाल गावभर फिरते, पण पत्र पत्ता असलेल्याच घरी पडते, तसे हे आहे.

चिकित्सकाच्या दृष्टीने संप्रेरकांचे दोन वर्ग लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. इन्शुलिन, ॲड्रेनॅलिन ही जलविद्राव्य संप्रेरके पेशीच्या बाहेरच्या आवरणावरील ग्राहकास चिकटतात. त्यांचे कार्य काही सेकंदांत वा मिनिटांत दिसू लागते. कॉर्टिसॉल, स्त्री व पुरुष संप्रेरके आणि थायरॉक्सिन ही मात्र पेशीच्या आत शिरून केंद्रकातील जनुकांच्या कार्यावर परिणाम करतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास अनेक तास, दिवस, कधी आठवडे लागतात आणि औषध थांबविल्यावर तो ओसरण्यासही तितकाच वेळ जातो. कालाचा हा भेद ज्याने लक्षात ठेवला, तो पुढे सांगितलेल्या बहुतेक फसगतींतून वाचेल.

नियंत्रणाची साखळी

अधश्चेतक पियूषिकेला आज्ञा देते, पियूषिका त्या त्या ग्रंथीला आज्ञा देते, आणि ग्रंथीचा स्राव रक्तात पुरेसा झाला की तोच स्राव वरच्या दोन्ही केंद्रांना 'आता पुरे' असे कळवितो. पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याचे उदाहरण येथे चपखल बसते. टाकी भरली की गोळा वर येऊन मोटार बंद होते. पातळी उतरली की मोटार पुन्हा सुरू होते.

आता असे समजा की, टाकीत रोज बाहेरून टँकरने पाणी ओतले जात आहे. गोळा सदैव वर राहील, मोटार कधीच सुरू होणार नाही आणि महिनोन्महिने बंद राहिलेली मोटार गंजून जाईल. टँकर बंद झाला त्या दिवशी टाकी कोरडी पडेल, आणि मोटारही चालणार नाही. बाहेरून दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडने अधिवृक्क ग्रंथींची हीच अवस्था होते. आमच्या मते वैद्य व औषध दुकानदार या दोघांनीही या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची झाल्यास ती हीच होय.

संधिवाताची पुडी आणि अधिवृक्क ग्रंथी

अधिवृक्काच्या बाह्यकातून स्रवणारे कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. ते रक्तशर्करा टिकविते, रक्तदाब सांभाळते, शोथ आवरते, आणि ज्वर, अपघात, शस्त्रकर्म अशा संकटकाळी त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

या संप्रेरकाच्या गुणाचा शोध विलक्षण आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांनी कामला झालेल्या तसेच गर्भवती रुग्णांत संधिवाताच्या वेदना आपोआप कमी होतात, असे निरीक्षण केले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु थोड्याच अवधीत चेहरा सुजणे, मानसिक विकृती, अस्थिक्षय असे उपद्रवही दिसू लागले. वेदना शमली होती; व्याधी मात्र तेथेच होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, हाच चमत्कार आज आपल्या परिसरात 'आयुर्वेदिक पुडी' या नावाने विकला जातो. आठवडी बाजारात, यात्रेत, कधी ओळखीच्या माणसाकरवी गुडघेदुखी, दमा, त्वचारोग यांवर चूर्णे व गोळ्या मिळतात. पाकिटावर घटकद्रव्ये नसतात, परवाना क्रमांक नसतो. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत ज्या मजुराचे पोट हातावर आहे, त्याला महिनाभर पथ्य सांभाळण्यास सवड नसते. दुसऱ्या दिवशी गुडघा वाकला की त्याच्या दृष्टीने औषध खरे. अशा पुडीत बहुधा डेक्सामिथॅसोन, बीटामिथॅसोन किंवा प्रेड्निसोलोन कुटून मिसळलेले असते. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामिथॅसोन हे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनइतके प्रभावी असल्याने चूर्णात ते दिसत नाही, चवीलाही कळत नाही.

आमच्याकडे आलेला एक रुग्णवृत्तांत येथे नोंदवितो. पन्नाशीची एक शेतमजूर स्त्री सुमारे दोन वर्षे बाजारातील पुडी घेत होती. चेहरा वाटोळा, पोट मोठे, हातपाय मात्र काटकुळे. किरकोळ धक्क्याने त्वचेवर निळे डाग. जमिनीवरून उठताना आधार लागे. रक्तशर्कराही वाढलेली होती. घरच्यांनी पुडीविषयी काहीतरी ऐकून ती एकदम बंद केली. चौथ्या दिवशी वांत्या, घेरी व पराकोटीचा थकवा अशा अवस्थेत तिला आमच्याकडे आणले, तेव्हा वरचा रक्तदाब ८० होता. अजीर्ण किंवा उष्माघात म्हणून औषध देण्यासारखेच ते चित्र होते. पुडीचा इतिहास कळल्यावर आम्ही शिरेतून सलाइन सुरू करून, 'चूर्णातून स्टेरॉइड घेतल्याचा संशय, अधिवृक्क निकामी असण्याची शक्यता' अशी स्पष्ट चिठ्ठी देऊन तिला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे रक्ताचा नमुना घेऊन अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देण्यात आले. नंतर आलेल्या अहवालात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतेच. ती वाचली, औषधाची मात्रा उतरविण्यास पुढे अनेक महिने लागले.

या वृत्तांतातून निघणारे निदानसूत्र महत्त्वाचे आहे. रुग्णाचे शरीर अतिरिक्त कॉर्टिसॉलची लक्षणे दाखविते आणि रक्तातील कॉर्टिसॉल मात्र अत्यल्प आढळते, ही विसंगती दिसली की स्टेरॉइड बाहेरून येत आहे असे समजावे. डेक्सामिथॅसोन व बीटामिथॅसोन नेहमीच्या कॉर्टिसॉल चाचणीत सहसा मोजले जात नाहीत. प्रेड्निसोलोन मात्र चाचणीस फसवू शकते, याचेही भान हवे.

अशा रुग्णास 'ती पुडी आजपासून बंद' असे सांगण्याचा मोह प्रत्येकास होतो. परंतु तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड पोटात गेले असल्यास ते एकदम बंद करणे प्राणघातक ठरू शकते. अज्ञात पुडीऐवजी ज्ञात मात्रेतील स्टेरॉइड तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू करून ते क्रमाक्रमाने कमी करणे, हाच मार्ग आहे. त्या काळात आपली संधिवातचिकित्सा अवश्य चालवावी, मात्र ती त्या क्रमाची जागा घेऊ शकत नाही. वाशीम येथेही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. रुग्ण पाठविताना इतिहासाची चिठ्ठी सोबत देण्याची सवय आपण लावून घ्यावी.

अवटू ग्रंथी : सहा आठवड्यांचा नियम

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात गलगंडाचे वर्णन केले आहे आणि शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळ आपण परंपरेने वापरीत आलो आहोत. तथापि गलगंड हे ग्रंथीच्या आकाराचे नाव आहे, टी.एस.एच. हे तिच्या कार्याचे माप आहे. ग्रंथी मोठी असून कार्य प्राकृत असू शकते, आणि ग्रंथी हाताला न लागताही कार्य मंदावलेले असू शकते.

थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, लेव्होथायरॉक्सिनची गोळी बंद केल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे रुग्णास फारसा त्रास जाणवत नाही. त्याच सुमारास आपले औषध सुरू झालेले असेल, तर 'गोळीविना बरे वाटते' याचे श्रेय आपल्या औषधास मिळते. रुग्ण आनंदित, वैद्यही संतुष्ट. दोन महिन्यांनी मात्र सूज, जाड आवाज, मलावष्टंभ, मंदपणा घेऊन तोच रुग्ण दुसरीकडे जातो. म्हणून गोळी स्वतःच्या जबाबदारीवर बंद करू नये; मात्रेत बदल झाल्यास सहा ते आठ आठवड्यांनीच टी.एस.एच. पाहावे. गर्भिणीबाबत तर कोणताही प्रयोग करू नये, कारण पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असते.

दुसरी बाब औषधांच्या वेळेची. लोह व कॅल्शियम यांमुळे लेव्होथायरॉक्सिनचे शोषण घटते, हे सिद्ध आहे. आपली लोहभस्म, मंडूर, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर ही लोहाची, तर शंख, प्रवाळ, शौक्तिक, गोदंती, कामदुधा ही कॅल्शियमची औषधे आहेत. त्यांनाही तोच नियम लावणे इष्ट. सकाळी अनशनापोटी घेतलेली गोळी आणि ही औषधे यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीनही हे शोषण कमी करते. वाशीम जिल्ह्याचे ते प्रमुख खरीप पीक असल्याने घरोघरी पिठात सोयाबीन मिसळण्याची किंवा वड्यांची भाजी करण्याची पद्धत आहे. ते वर्ज्य करण्याचे कारण नाही. गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावे, एवढेच.

आयोडीनविषयी एक वाक्य पुरे. १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९९२ पासून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम म्हणून चालतो. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पी.पी.एम. आयोडीन असावे असा दंडक आहे, आणि खड्याचे साधे मीठ श्रेष्ठ असा सल्ला देताना आपण त्याचे भान राखावे.

इन्शुलिन आणि पुण्याचे संशोधन

प्रमेही स्थूल असतो, ही समजूत आपल्या ग्रंथांनी कधीच स्वीकारली नव्हती. चरकाचार्यांनी स्थूल बलवान आणि कृश दुर्बल असे दोन प्रमेही सांगून त्यांची चिकित्साही भिन्न सांगितली. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असा भेद केला.

आधुनिक काळात या विषयावर जगाचे लक्ष वेधणारे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला. या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बालके स्नायूंनी व अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. नाळेच्या रक्तात इन्शुलिनही अधिक आढळले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे प्रा. युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणजेच दिसण्यात सडपातळ असलेला आपला शेतकरी आतून मेदस्वी असू शकतो आणि त्याच्या पेशी इन्शुलिनचा निरोप ऐकेनाशा झालेल्या असू शकतात. बारीक आहे म्हणून साखर न तपासणे चुकीचे ठरते. उलटपक्षी, तरुण वयात झपाट्याने कृश होणाऱ्या रुग्णात इन्शुलिन निर्माणच होत नसेल, तर ते एक दिवसही थांबविता येत नाही. प्रमेहाची आपली औषधे आधुनिक गोळ्यांसोबत देताना शर्करा अति खाली जाण्याची शक्यता रुग्णास आधीच समजावून सांगावी.

तीन परिचित वनस्पती

यष्टिमधु आपण निःशंकपणे देतो. तिच्यातील ग्लायसिरायझिक आम्ल वृक्कातील एका विशिष्ट विकरास रोखते. हे विकर एरवी कॉर्टिसॉलला निष्क्रिय करून वृक्काचे रक्षण करीत असते. ते रोखले गेले की कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनसारखे काम करू लागते. लवण व जल साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णात, विशेषतः मूत्रल गोळ्या चालू असताना, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ यष्टिमधु देऊ नये.

कपिकच्छूच्या बीजात एल-डोपा असते. त्यापासून डोपामिन बनते आणि डोपामिन प्रोलॅक्टिनला आवर घालते. वृष्य म्हणून दिलेले औषध पियूषिकेपर्यंत पोचते ते असे. मनोविकाराची औषधे चालू असलेल्या रुग्णात मात्र ते जपून वापरावे. अश्वगंधेविषयी काही लहान चाचण्यांत अवटूचे कार्य वाढल्याचे दिसले आहे, तसेच अवटूचे कार्य अति वाढल्याचे रुग्णवृत्तांतही प्रसिद्ध झाले आहेत. जे द्रव्य कार्य करते, ते अपायही करू शकते. आपल्या औषधांना परिणाम आहे असे एका श्वासात आणि त्यांना दुष्परिणाम नाही असे दुसऱ्या श्वासात म्हणणे तर्काला धरून होत नाही.

समन्वयाची मर्यादा

संप्रेरके म्हणजे धात्वग्नी, अवटू म्हणजे अमुक, पियूषिका म्हणजे तमुक, अशी समीकरणे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येतात. ती ऐकावयास गोड वाटतात. परंतु अग्नी ही कार्यावरून अनुमानिलेली संकल्पना आहे आणि संप्रेरक हे मोजता येणारे द्रव्य आहे. अग्निमांद्याची सर्व लक्षणे असूनही टी.एस.एच. प्राकृत असू शकते. समीकरण मांडले की वैद्य तपासणी करीत नाही, आणि तेथेच रुग्णाचे नुकसान सुरू होते. दोन्ही शास्त्रांची भाषा आपापल्या जागी ठेवून, रुग्णाच्या बाबतीत दोन्हींचे निष्कर्ष शेजारी मांडणे हा समन्वय आम्हास अधिक प्रामाणिक वाटतो.

सभासदांस विनंती

औषध दुकानदार बंधूंसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. म्हणूनच विक्रेत्याची नैतिक जबाबदारी वाढते. घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत नसलेले पाकीट फळीवर ठेवू नये. 'एका दिवसात आराम' देणारे चूर्ण संशयास्पद समजावे. गुग्गुळकल्पांचा व काढ्यांचा गुण असा येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ ईई नुसार आरोग्यास अपायकारक द्रव्य असलेले आयुर्वेदीय औषध भेसळयुक्त ठरते. मधुमेह, गलगंड व संधिवात बरे करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. भिंतीवरील भित्तिपत्रके एकदा या दृष्टीने पाहून घ्यावीत. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकास कळवावे.

वैद्यबंधूंनी प्रत्येक संधिवात, श्वास व त्वचारोगाच्या रुग्णास 'आजवर कोणती पुडी घेतली?' हा प्रश्न विचारावा आणि शक्य तर ती पुडी पाहावयास मागवावी. चेहरा, त्वचा, रक्तदाब व शर्करा पाहावी. कोणतेही संप्रेरक-औषध, मग ते स्टेरॉइड असो, थायरॉक्सिन असो वा इन्शुलिन, स्वतः बंद करण्याचा सल्ला देऊ नये. संशयित अपाय औषधदक्षता कार्यक्रमाकडे नोंदवावा. त्याचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. अशी नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, हा समज सोडून द्यावा. बदनामी होते ती चूर्णातल्या स्टेरॉइडने आजारी पडलेला रुग्ण मोठ्या रुग्णालयात 'आयुर्वेदिक औषध घेत होतो' असे सांगतो तेव्हा. त्या पुडीत आयुर्वेद नव्हताच, हे सांगण्याचा अधिकार आपणास तेव्हाच राहील, जेव्हा ती पुडी आपण स्वतः ओळखून दूर केलेली असेल.